चोवीस चित्रांचा एक दिवस

शहाजीआप्पांना दोह्याला येऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि त्यातले अठरा दिवस त्यांनी परत जायची तयारी करण्यात घालवले होते. पहिला दिवस प्रवासाच्या शिणात गेला म्हणून, नाहीतर तोही सोडला नसता.

माणूस कटकट्या नव्हता, फक्त रिकामा होता. वारणेकाठच्या गावात पहाटे साडेचारला उठणाऱ्याला धार काढायची असते, वैरण टाकायची असते, रानात एक चक्कर मारायची असते. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात साडेचारला उठून करायचं काय? आप्पा आवाज न करता गॅस पेटवायचे, चहा करायचे आणि खिडकीशी उभे राहून खालचा रस्ता बघायचे. त्या वेळी इंडस्ट्रियल एरियातून कामगारांच्या बसगाड्या शहरात येत असायच्या. एकामागून एक, आणि प्रत्येक खिडकीत एक डोकं. आप्पांना त्या डोक्यांचा चक्क हेवा वाटायचा. त्यांना निदान कुठंतरी पोचायचं होतं.

मुलगा अवधूत गॅस कंपनीत इंजिनिअर. पाचच्या आत रास लफ्फानच्या प्लांटला निघायचा तो दिवेलागणीलाच उगवायचा. सून नुपूर पुण्याची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण आप्पा इथं येईपर्यंत सासऱ्याबरोबर ती जेमतेम आठ दिवस राहिली होती. ती त्यांना दोनच प्रश्न विचारायची, "आप्पा, चहा ठेवू?" आणि "आप्पा, जेवलात?" आप्पांचं दोन्हीला उत्तर एकच, "व्हय." दोघांना एकमेकांबद्दल इतका आदर होता की बोलायला जागाच उरली नव्हती.

मग रोज रात्रीच्या जेवणाला हरभऱ्याचा विषय निघायचा. हरभरा काढणीला आलाय, हरभरा पहाटे दवातच उपटावा लागतो, ऊन चढलं की घाटे तडकतात, एकट्या दगडूच्यानं ते होणार नाही. शेवटी अवधूत कंटाळला आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारचं तिकीट काढून मोकळा झाला. दगडू म्हणजे आप्पांचा चुलतभाऊ. हरभरा अजून पार हिरवा आहे, तीन आठवडे तरी हात लावायचा नाही, असं त्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. ते मात्र आप्पांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

ही दोन हजार पाच सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्या शुक्रवारी सुट्टी होती. अवधूत गाडी धुवायला खाली गेला होता. आप्पा पाणी प्यायला म्हणून हॉलमध्ये आले आणि दारातच थबकले. स्वयंपाकघरात जायला वाटच नव्हती. सगळ्या गालिच्यावर कागद पसरलेले होते, प्रत्येक कागदावर एक चित्र, आणि मधोमध नुपूर डोक्याला हात लावून बसलेली.

चित्रं सगळी शेतीवाडीची होती. गुरं, मेंढरं, नांगर, गवताच्या गंजी, नदी, बैलगाडीसारखी पण घोड्याची गाडी. माणसं गोरी आणि कपडे भलतेच जाड, पण कामं ओळखीची. आप्पा जरा वाकून बघायला लागले. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बघण्यासारखं काहीतरी दिसलं होतं.

नुपूरची अडचण अशी होती. ती एका इंटिरियर डेकोरेशनच्या ऑफिसात होती. डिप्लोमा डिझाइनचा, आणि दीड वर्ष काम काय, तर रिसेप्शनवर बसून कोटेशनं टाइप करायची. साहेब जॉनसन वसईचे, स्वभावानं भले, पण ताक फुंकून पिणारे. त्यांनी पहिल्यांदाच तिच्या एकटीवर एक काम सोपवलं होतं. सलवा रोडजवळच्या एका नव्या क्लिनिकचा लांबलचक कॉरिडॉर आणि त्यात लावायची चोवीस चित्रं, सगळी एकोणिसाव्या शतकातली, युरोपातली, शेतांची आणि उन्हाची. अर्थात मूळ चित्रं नाहीत, मोठ्या छापील प्रती. क्लिनिकच्या मेट्रन नोराबाई आयरिश होत्या आणि त्यांची एकच अट होती. दारापाशी पहाट हवी, डॉक्टरांच्या खोलीपाशी संध्याकाळ, आणि मध्ये दिवस ओळीनं पुढे सरकला पाहिजे. रोज उपचाराला येणारे पेशंट महिनोन्महिने तीच चित्रं बघणार, त्यांच्यासमोर खोटा दिवस टांगायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. बाई कडक. करकरतात म्हणून बारा खुर्च्या त्यांनी आल्या पावली परत पाठवल्या होत्या. गुरुवारी सकाळी नऊला त्या बघायला येणार होत्या. त्यांनी सही केली तर पुढची साइटची कामं नुपूरची, नाही केली तर पुन्हा रिसेप्शन आणि कोटेशनं. जॉनसनसाहेबांनी हे गोड आवाजात पण स्पष्ट सांगितलं होतं.

आणि चित्रांबरोबर आलेल्या यादीत वेळ कुठंच नव्हती. 'गाईंसह निसर्गदृश्य' हे नाव तर तीन चित्रांना होतं. नुपूरनं आपली शाळेतली अक्कल चालवली. गुलाबी आभाळ म्हणजे पहाट, पिवळं म्हणजे दुपार, तांबडं म्हणजे संध्याकाळ.

आप्पांनी पहिल्या कागदाकडे बोट केलं. "हे पयलं का लावलंस?"

"आभाळ गुलाबी आहे ना आप्पा. पहाट आहे."

"आभाळ कशाला बघतीस? गाय बघ. कास कशी तटतटलीया. आन् रस्त्याच्या कडंला एवढं गवत हाय, एकीनं तरी तोंड घातलंय का? सकाळी गुरं चरायला सोडली की वाटंत तोंड मारत जात्यात, काठी दाखवावी लागती. घराकडं निघाली की नाकासमोर चालत्यात. ही सांज हाय."

नुपूरनं कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. गाईंच्या कासा तिनं आजवर कुठल्याच चित्रात बघितल्या नव्हत्या, खऱ्या गाईच्याही नव्हत्या. तिनं तो कागद पहिल्या जागेवरून उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला. मग सरकून गालिच्यावर आप्पांसाठी जागा केली.

त्या दिवशी स्वयंपाक अवधूतला करावा लागला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. आप्पा मांडी घालून बसले ते उठलेच नाहीत. एका चित्रात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून गोळा झाली होती. आप्पा म्हणाले, ही भर दुपार, डोक्याला ऊन लागतं तेव्हाच मेंढरू दुसऱ्याची सावली चोरतं. एका चित्रात नदीकाठी बायका कपडे धुत होत्या, पण निम्मे कपडे गवतावर वाळत पडलेले. म्हणजे दुपार कलली. एका चित्रात कापलेल्या रानात बायका वाकून खाली सांडलेली कणसं वेचत होत्या. आप्पांचा चेहरा उजळला. "सरवा येचत्यात की गं," ते म्हणाले. मालकानं पीक नेलं की मागं राहिलेलं दाणं गोरगरिबांचं, त्याला सरवा म्हणतात, आपली आई लहानपणी आपल्याला घेऊन जायची, हेही सांगितलं. ओचे भरून लोंबायला लागलेत म्हणजे तिसरा प्रहर झाला, हा निर्णय शेवटी दिला.

नुपूरनंही मग तिच्याकडचं सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या आधी चित्रकार म्हणे खोलीत बसून देवांची आणि राजांची चित्रं काढायचे. त्या शतकात ते चित्र ठेवायची लाकडी घोडी आणि रंग उचलून रानात जाऊन बसायला लागले. बदलणारं ऊन पकडायचं आणि शेतावरची माणसं जशी दिसतात तशी काढायची.

"ऊन धरायला?" आप्पांनी विचारलं. "आन् त्या गड्यास्नी काय वाटत आसंल? आपण कणा मोडस्तवर राबायचं आन् ह्यो बाबा दिसभर बसून आपल्याकडं बघतोय."

नुपूर खळखळून हसली. आप्पांनी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांना फार बरं वाटलं.

जेवणापर्यंत सतरा चित्रं जागेवर बसली. उरलेल्या सात चित्रांत ना कास दिसत होती, ना ओचा. पण त्यांत सावल्या होत्या, लांबच लांब, माणसाच्या दुप्पट. इथं तर आप्पांनी विचारसुद्धा केला नाही. सावली आणि खोटं बोलेल? लांब सावली म्हणजे दिवस उगवतीला नाहीतर मावळतीला. त्यांनी ती सातही चित्रं दोन्ही टोकांना वाटून टाकली. नुपूरला जरा शंका आली. ती म्हणाली, आप्पा, दोन्हीकडे गर्दी झाली आणि दुपार फारच थोडी उरली. आप्पांनी त्यावरही उत्तर दिलं, भर दुपारी कोण चित्र काढत बसेल, झोपला असेल झाडाखाली. नुपूरला ते पटलं. खरं म्हणजे इतक्या वेळात आप्पांचं इतकं खरं ठरलं होतं की तिला आता काहीही पटलं असतं.

रविवारी ती त्यांना इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तिथं रहमान चित्रांना चौकटी बसवत होता. बांगलादेशातला, पन्नाशीकडे झुकलेला, बोटं लांब आणि बोलणं कमी. पहिली सात वर्षं त्यानं बांधकामांवर काढली होती, मग हे काम शिकला आणि आता ऑफिसची व्हॅनही चालवायचा. त्याचीही गावाकडं भातशेती होती. आप्पांची हिंदी आणि त्याची हिंदी एकमेकींना ओळखत नव्हत्या, तरी गवताची गंज वरून निमुळती का करतात यावर दोघांनी अर्धा तास वाद घातला. निघताना रहमाननं त्यांना बाबाजी म्हटलं. त्या रात्री हरभऱ्याचा विषय निघाला नाही.

चित्रं बुधवारी सकाळी टांगून झाली. आणि त्याच दिवशी दुपारी घोटाळा आप्पांच्या पायाशी येऊन पडला.

झालं असं की आप्पा कोथिंबीर आणायला खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, गेले होते. परत येताना दुपारची अजान झाली आणि पार्किंगमध्ये त्यांची नजर स्वतःच्या सावलीवर पडली. आप्पांच्या वडिलांच्या काळात शेतावर घड्याळ नव्हतं. सावलीच्या टोकावर खूण करायची आणि टाचेला अंगठा लावत पावलं मोजायची, की भाकरीची वेळ कळायची. या दिवसांत गावाकडं भर दुपारी सावली साडेचार पावलं भरायची, हे आप्पांना पाठ होतं. त्यांनी सहज म्हणून इथली मोजली. सहा भरली. कोथिंबिरीची जुडी बॉनेटवर ठेवून त्यांनी पुन्हा मोजली. सहाच. बकालावाल्याला वेळ विचारली तर पावणेबारा होऊन गेले होते. थोडा वेळ थांबून बघितलं, तर सावली आखडेना, उलट वाढायला लागली. म्हणजे इथली दुपार एवढीच होती.

आप्पा हिशेब करायला लागले. गाव ते दोहा एवढ्यातच सूर्य दीड पाऊल खाली उतरतो, तर ती चित्रांतली शेतं इथून अजून किती वर आहेत? अवधूत एकदा म्हणाला होता, अजून सहा-सात तास विमानात बसावं लागतं.

संध्याकाळी अवधूतनं संत्रं आणि टेबललॅम्प घेऊन समजावून सांगितलं. तिकडे थंडीच्या दिवसांत ऐन दुपारीसुद्धा सूर्य आपल्या दुपारी चार-साडेचारच्या उंचीला असतो. तेवढाच चढतो आणि उतरतो. बारा वाजता माणसाची सावली दुप्पट पडू शकते.

"म्हंजे दिसभर सांजच की," आप्पा म्हणाले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "नुपूर, मी चुकलो. माझ्या रानातलं ऊन घेऊन मी त्येंच्या रानात शिरलो."

नुपूर धपकन सोफ्यावर बसली. अवधूत म्हणाला, आता टांगलीत ना, खलास. कोण एवढं बारकाईनं बघतंय? सही होऊन जाईल. खरं सांगायचं तर नुपूरच्याही मनात तेच आलं होतं. सकाळभर शिडीशी उभी राहून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पण आप्पांनी मान हलवली. ती बाई त्याच उन्हातली आहे, ते म्हणाले, तिला दारातूनच दिसेल. आणि तिनं म्हटलंय ना, खोटा दिवस नको.

नुपूरनं उठून रहमानला फोन लावला आणि पहाटे पाचला व्हॅन घेऊन येशील का असं विचारलं. मग तिघं पुन्हा गालिच्यावर बसले. आप्पांनी नियम बदलला. सावली विसरायची, फक्त काम बघायचं. एका चित्रात नवराबायको बटाटे काढत होते. पोती तीनच भरलेली आणि सरी अजून लांबवर बाकी. दिवस संपताना कुणी एवढं मागं ठेवत नाही, म्हणजे दुपार. नांगराच्या घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधलेले, म्हणजे जेवणाची सुट्टी. झाडं निष्पर्ण, माणसांच्या अंगात जाडजूड कोट, म्हणजे हिवाळा, म्हणजे लांब सावलीला घाबरायचं कारण नाही. अशी सहा चित्रं सुटली.

सातवं काही सुटेना. त्यात एक घोडागाडी रस्त्यानं दूर चालली होती, मागून दिसणारी. गाडीत सात-आठ शेतमजूर, सगळ्यांच्या नुसत्या पाठी. ना हत्यारं दिसत होती, ना घोडा, ना कुणाचं तोंड. ऊन तिरपं. कामाला निघालेत की काम करून परतलेत? आप्पांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि शेवटी हात टेकले.

पहाटे पाचला व्हॅन आली. पुढच्या लांब सीटवर रहमान, मध्ये आप्पा, दाराशी नुपूर. ती ताठ बसली होती, मांडीवर फाइल घट्ट धरून, आणि तिच्यात नि आप्पांच्यात पर्स उभी ठेवलेली.  आप्पांना फार अपराधी वाटत होतं. पोरीचं पहिलं काम, आणि आपण त्यात शहाणपणा करायला गेलो.

भिंतीवरचे हूक सारख्या अंतरावर होते. त्यामुळे सहा चित्रं दुपारकडे सरकवायची तर मधली बाकीचीही हलवावी लागली. रहमान शिडीवर, नुपूर खालून चित्रं देणारी आणि आप्पा धोतराचा सोगा खोचून कॉरिडॉरच्या मधोमध उभे, "उजव्या अंगाला, अजून, बास," करत. साडेसातला तेवीस चित्रं लागली. घोडागाडीचं चित्र भिंतीला टेकून खालीच राहिलं. कॉरिडॉरच्या शेवटी, डॉक्टरांच्या दाराशेजारी एक हूक रिकामा होता, आणि ती पहाटेची निघाली तर म्हणून रहमाननं दारापासून दुसरा असा एक जास्तीचा हूकही ठोकून ठेवला होता.

आणि त्याच क्षणी मागून टाचांचा आवाज आला. नोराबाई दीड तास आधी आल्या होत्या.

उंच, पिकल्या केसांच्या, गणवेशाला कडक इस्त्री. त्यांनी शिडी बघितली, धोतरातले आप्पा बघितले आणि नुपूरकडे वळल्या. हे काय चाललंय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं, आणि ते विचारण्यात स्वागत मुळीच नव्हतं.  शेवटचा हात फिरवतोय, असं एक साधं वाक्य पुरलं असतं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण नुपूर काय सांगतेय ते तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळत होतं. ती सगळं खरं सांगत होती. गाईंच्या कासा, सरवा, सावली, पार्किंग, संत्रं. बोलताना तिनं एकदा आप्पांकडे हात केला. त्यांना वाटलं, आता आपल्यावर येणार. पण नुपूर म्हणाली होती की माझ्या सासऱ्यांनी सतरा चित्रं ओळखली, आणि उरलेल्यांतली चूकही दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच पकडली.

 नोराबाईंनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. काल संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या एकट्या येऊन कॉरिडॉर बघून गेल्या होत्या. कागदावर सात चित्रं लिहिलेली होती, परत पाठवायचं काम म्हणून. आता तो कागद आणि पेन घेऊन त्या दारापासून चालायला लागल्या. बटाट्याच्या चित्रापाशी थांबल्या, एक ओळ खोडली. तोबऱ्यापाशी थांबल्या, दुसरी खोडली. आप्पा त्यांच्या पेनाकडे बघत मागून चालले होते, शाळेत वही तपासून घेणाऱ्या मुलासारखे. सहा ओळी खोडून झाल्या. सातवीपुढे प्रश्नचिन्ह होतं.

त्या घोडागाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. हे तुम्ही का नाही लावलं, त्यांनी विचारलं. नुपूर म्हणाली, आम्हाला कळत नाही. बाई म्हणाल्या, मी शेतावर वाढले, पण मलाही काल कळलं नाही. आमच्याकडे अशा उन्हात माणसं जातातही आणि येतातही. मग त्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी हात जोडले आणि मान हलवली. 

रहमान शिडीवरून खाली उतरला. हात पुसत त्यानं चित्र जरा उजेडाकडे फिरवलं.

"शाम है, बाबाजी," तो म्हणाला. "सात साल बस में गया-आया. सुबह हर आदमी सीधा बैठता है, अलग-अलग. कोई किसी पर नहीं टिकता. शाम को सब एक-दूसरे के कंधे पर."

सगळ्यांनी पुन्हा बघितलं. गाडीतल्या पाठी सरळ नव्हत्या. एक डोकं शेजारच्या खांद्यावर कललं होतं, तिसरा चौथ्यावर रेलला होता, आणि कोपऱ्यातल्या बाईच्या मांडीकडे कुणीतरी पार झुकलेलं होतं. आप्पांना बिन महमूदच्या खिडकीतून दिसणारी ती पहाटेची डोकी आठवली, प्रत्येक काचेत एक, ताठ. तेव्हा आपण त्यांचा हेवा करत होतो हे आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली. ती माणसं संध्याकाळी कशी परततात, हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

नुपूरनं इंग्रजीत सांगितलं.  नोराबाई हळूच म्हणाल्या की बटाटे काढून परतताना आम्ही भावंडं गाडीत अशीच निजायचो, आणि मी हे विसरले होते. त्यांनी सातवी ओळ खोडली, कागद चुरगाळून खिशात टाकला, आणि रहमानला स्वतः चित्र उचलून दिलं. ते डॉक्टरांच्या दाराशेजारच्या हुकावर चढलं. पहाटेच्या बाजूचा जास्तीचा हूक रहमाननं काढून टाकला आणि शेजारची चित्रं जरा सरकवून ती मोकळी जागा दहा मिनिटांत भरून काढली.

सही झाली. वरच्या मजल्यावर आणखी चोवीस चित्रं लागायची आहेत, पंधरा दिवसांनी येतील, आणि ती यांनीच लावायची, हे बाईंनी जॉनसनसाहेबांना तिथूनच फोन करून सांगितलं. यांनीच म्हणताना त्यांनी बोट तिघांकडे फिरवलं. मग आप्पांसमोर येऊन त्या म्हणाल्या, "शुक्रन." आभार मानण्याएवढं अरबी आप्पांना एव्हाना आलं होतं. त्यांनी पुन्हा हात जोडले.

परतताना ऊन चांगलं वर आलं होतं. रहमान कसलंसं गाणं गुणगुणत होता. सलवा रोडवर गाड्यांची रांग लागली होती आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

"आप्पा," नुपूर म्हणाली, "शनिवारचं तिकीट. पुढची चित्रं यायला पंधरा दिवस आहेत. पण तुमचा हरभरा."

 आप्पांनी घसा साफ केला. "हरभरा हिरवा हाय अजून. तीन आठवडे तरी हात लावायचा न्हाई."

"आणि तुम्ही रोज जेवताना..."

"व्हय," आप्पा म्हणाले.

ती हसली, आणि हसता हसता तिनं मध्ये ठेवलेली पर्स उचलून पायाशी टाकली. अवधूतला फोन करून तिकीट रद्द करायला सांगते म्हणाली. फोन हातात घेतला, पण लावला नाही. दोन सिग्नल गेले. तिसऱ्या सिग्नलला आप्पांच्या उजव्या खांद्यावर हलकंसं ओझं आलं. नुपूर झोपली होती, फाइल मांडीवरून घसरून खाली, तोंड किंचित उघडं, कपाळ त्यांच्या खांद्याला टेकलेलं.

रहमाननं तिरक्या नजरेनं बघितलं आणि गाणं थांबवलं. डॅशबोर्डवरच्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले होते. आप्पांच्या नाकाला खाज सुटली होती, पण घर येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.